सागाची बी अमेरिकेला पाठवू का?

प्रश्न : माझी नात अमेरिकेत येल विद्यापीठात शिकते. तिथल्या वनशाळेला २०२५ मध्ये १२५ वर्षं झाली, त्याचे फोटो तिने पाठवले. पण शाळेच्या पाटीवर आता ‘पर्यावरण’ आहे म्हणे, मग हा शतकोत्तर रौप्यमहोत्सव नक्की कुणाचा? ही विद्या हिंदुस्थानातून तिकडे गेली असंही तिला कुणी सांगितलं. ते खरं का? आठवण म्हणून परसातल्या सागाचं बी तिला पाठवावं म्हणते. – एक आजी, सातारा

उत्तर : ताई, आधी बियांचं निकालात काढतो. पाठवू नका. परवान्याशिवाय बियाणं तिथे आत घेत नाहीत, पोरीच्या मागे उगाच चौकशीचं लचांड लागेल. आणि पोचलंच, तरी येल आहे त्या कनेक्टिकट राज्याच्या बर्फात साग कुठला तगतोय!

शाळा १९०० साली निघाली ती वनशाळा म्हणूनच. पिंशो घराण्याने दीड लाख डॉलर दिले आणि त्या घरातल्या, पुढे अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला मुख्य झालेल्या गिफर्ड पिंशोचा मित्र हेन्री ग्रेव्ह्ज शाळेचा पहिला प्रमुख झाला. पाटी बदलली २०२० मध्ये. वनशाळा त्या मोठ्या शाळेच्या पोटात अजून आहे, तेव्हा सोहळा तिचाच समजा.

आता हिंदुस्थानचं. हा पिंशो विशीतला पोरगा असताना युरोपात वनविद्या शिकायला गेला. तिथे त्याला डीट्रिख ब्रँडिस भेटले आणि त्यांनी त्याला फ्रान्समध्ये नान्सीच्या शाळेत धाडलं. ब्रँडिस जर्मन, पण हयात गेली आपल्याकडे. १८५६ मध्ये ते ब्रह्मदेशात पेगूच्या सागवानात आले, १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. ते झाडं कशी मोजायचे ऐका. हत्तीवर बसून जंगलातून जायचं, डाव्या हातात काड्या, उजव्या हातात चाकू. साग दिसला की जाडी पाहून त्या त्या काडीवर खाच. वरून पाणी गळत असायचं, कागदावर लिहिणं शक्यच नव्हतं.

हे मी वाचलं तेव्हा मला आलापल्लीचा पावसाळा आठवला. मी तिथे वनक्षेत्रपाल होतो. बॉलपेन ओल्या कागदावर उठायचंच नाही, म्हणून शिसपेन्सिल. वनमजूर खोडाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर ओरडून सांगायचा आणि मी छत्री मानेत धरून रेघा मारायचो, चार उभ्या, पाचवी आडवी. हत्ती तेवढा नव्हता. संध्याकाळी त्या वहीची पानं चुलीपाशी वाळत घालावी लागत, नाहीतर सगळा दिवस लगदा.

तरी ‘विद्या आपल्याकडून गेली’ असं नातीला छाती फुगवून सांगायला नको. मूळ जर्मन, कस लागला आपल्या सागावर, असं म्हणा हवं तर. शिवाय त्या सागाची दुसरी बाजूही आहे. १८७८ मध्ये डेहराडूनची वनशाळा निघाली आणि त्याच साली वनकायदा आला. लाकूडफाट्यासाठी रानात जाणारा माणूस एका फटक्यात चोर ठरू लागला. ब्रँडिस यांचं मत गावांसाठी वेगळी वनं राखावीत असं होतं, पण त्यांचं फारसं चाललं नाही. आमच्या खात्याकडे लोक अजून ज्या नजरेने बघतात ती तेव्हापासूनची. मीही तीस वर्षं ती नजर झेललीय, आणि कधीकधी ती खोटी नव्हती.

नातीला एक काम मात्र सांगा. शाळेच्या मालकीचं येल-मायर्स नावाचं जंगल आहे, ७,८०० एकरांहून मोठं, एका माजी विद्यार्थ्याने दिलेलं. तिथे ओक आणि पाइनच्या दाटीतून दगडी बांध गेलेले दिसतील. पूर्वी ती शेतं होती, लोक सोडून गेले आणि रान परत आलं. आपल्याकडेही पडीक वावरांत बांधावर करवंद चढतं, तसंच. त्या बांधावर बसून फोटो काढ म्हणावं, आणि मागच्या झाडाचा घेर मोजून मला कळव. टेप नसला तर सुतळी चालेल.