वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी, जुना सूट आणि कात्री

प्रश्न : जुन्या मोटारी आणि त्या काळातील पुरुषांचा पोशाख या दोन्हींची मला मनापासून आवड आहे. अलीकडेच १९३२ सालची एक फोर्ड व्ही-८ माझ्याकडे आली. ती मूळ रूपात आणावी की तिची हॉट रॉड (वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी) करावी, यावरून मित्रांत दोन तट पडले आहेत. त्याच सुमारास १९४० च्या दशकातला एक अमेरिकन लोकरी सूटही मिळाला; तो पाठीत आणि कमरेत घट्ट होतो. तो सैल करून घेतला, तर त्याचे मोल कमी होईल का?

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांना मी एकच प्रश्न विचारीन : जे कापाल किंवा उसवाल, ते पुन्हा होते तसे करता येईल का?

आधी गाडीचे पाहू. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात आठ सिलिंडर असलेले) दिले, २२१ घनइंचांचे आणि ६५ अश्वशक्तीचे. पुढे या गाड्या जुन्या बाजारात स्वस्त झाल्या, तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी मडगार्ड, बोनेट, काचा असे जे जे उतरवता येईल ते उतरवून वजन घटवले आणि म्युरॉक, एल मिराज येथील कोरड्या तळ्यांच्या सपाट तळांवर त्या पळवल्या. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन शर्यतींसाठी संघटना उभारली. त्या मुलांच्या दृष्टीने ही गाडी म्हणजे सहज मिळणारी, वापरून झालेली वस्तू होती. आज मात्र ज्याच्या पत्र्याला कुणी हात लावलेला नाही असा सांगाडा दुर्मिळ आहे, आणि म्हणून त्याच कापाकापीचा अर्थ बदलला आहे.

आपली गाडी पूर्ण असेल, तर छताचे खांब कापून छत खाली आणणे किंवा तळ कापून बॉडी चॅसीवर (खालच्या लोखंडी चौकटीवर) खाली उतरवणे, हे दोन्ही टाळा, असे मी स्पष्टच सांगेन. कार्ब्युरेटर, चाके, इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांपर्यंत हवा-इंधन नेणारा नळ्यांचा भाग) हे नटबोल्टने बसणारे बदल खुशाल करा. मात्र उतरवलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवा. ब्रेकचे काम सर्वांत आधी करा. १९३८ पर्यंत फोर्डचे ब्रेक दांड्यांनी किंवा तारांनी ओढले जाणारे होते, हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारे) ब्रेक १९३९ मध्ये आले, आणि ते जुन्या गाड्यांना लावण्याची रीत हॉट रॉडवाल्यांचीच आहे. बॉडी आधीच गंजून वा कापून गेलेली असेल, तर गोष्ट वेगळी. मग मनसोक्त हॉट रॉड बांधा.

हे इंजिन तापते, अशी तक्रार आपल्याला ऐकू येईलच. त्याचे कारण असे की, जळलेला वायू ब्लॉकमधूनच (इंजिनाच्या ओतीव मुख्य भागातूनच), सिलिंडरांच्या शेजारून बाहेर पडतो आणि त्याची बरीच उष्णता थंड करणाऱ्या पाण्यात उतरते. अशाच एका ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत मी तार घालून खरवडले, तेव्हा गंजाबरोबर कारखान्यातल्या ओतकामाची वाळू मूठभर बाहेर आली. नवा रेडिएटर घेण्याआधी एवढे अवश्य करा.

आता सूट. तो खिडकीच्या उजेडात नेऊन पाठीची मधली शिवण आणि पँटची मागची शिवण उलटी करून पाहा. आत बोटभर जादा कापड असेल, तर तो सैल करता येतो आणि पुन्हा घट्टही करता येतो, त्यामुळे त्याचे मोल घटत नाही. आत दडलेले कापड थोडे गडद दिसेल, इतकेच. खांदे मात्र मापाचे नसतील, तर तो सूट सोडून द्या, कारण खांद्याच्या दुरुस्तीत सगळा कोट उकलावा लागतो. शिंप्याकडे देण्याआधी शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहा. अनेकदा लोकर ठणठणीत असते आणि धागा कुजलेला असतो.

पँटच्या तळाशी दुमड नसेल, तर ती हौसेने घालून घेऊ नका. अमेरिकेत युद्धकाळी, १९४२ मध्ये, कापड वाचवण्यासाठी दुमडीवर बंदी आली होती. तेव्हा ती नसणे हीच त्या सूटची ओळख असू शकते. आतल्या खिशात कामगार संघटनेचे लेबल असेल आणि त्यावर १९३९ छापलेले असेल, तर ते लेबलाच्या नमुन्याचे वर्ष समजा, शिवणीचे नव्हे. पुढचा नमुना १९४९ चा आहे.

प्रश्न : त्या काळचा पोशाख घालून गाडीवर काम केले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. टाय किंवा सैल बाही पंख्याच्या पट्ट्यात अडकली, तर हात जाऊ शकतो, आणि लोकरीत मुरलेले इंजिन ऑइल पूर्णपणे निघत नाही. कामासाठी जाड डेनिमचा, अंगाबरोबर बसणारा डगला ठेवा, बाह्या मनगटाशी बटणांनी बंद करा, आणि सूट रुंद खांद्यांच्या हँगरवर, गॅरेजपासून दूर टांगा.