गाठी नव्हेत, अडलेली वाट

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. माझी मुलगी १७ वर्षांची असून तिला १३ व्या वर्षी पाळी आली. कॉलेजसाठी ती बेळगावला मावशीकडे राहते. वर्षभरात तिचे वजन ९ किलो वाढले आणि पाळी दोन-अडीच महिने येत नाही. सोनोग्राफीत पीसीओडी, म्हणजे बीजकोशात (ओव्हरीत) गाठी, निघाले. या गाठी वाढतील का? आयुर्वेदात यावर काय सांगितले आहे?

उत्तर : ताई, 'गाठी' हा शब्द आधी मनातून काढून टाका. बीजकोशात दर महिन्याला अनेक लहान पुटके (बीज असलेल्या इवल्या पिशव्या) वाढू लागतात व त्यांतील एक पक्व होऊन बीज बाहेर पडते. हे पक्व होणे मध्येच थांबले की अर्धवट वाढलेली पुटके काठाशी मण्यांसारखी साठलेली दिसतात. ती कापून काढायची नसतात. शिवाय पाळी सुरू झाल्यावर पहिली ८ वर्षे निरोगी मुलींतही ती दिसू शकतात, म्हणून या वयात केवळ सोनोग्राफीवर निदान ठरवू नये. अनियमित पाळीबरोबर हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरमे किंवा रक्तात पुरुषी संप्रेरके वाढलेली आहेत का, हे पाहावे लागते. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन हे संप्रेरकही तपासून घ्या.

पीसीओडी हे नाव आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांत (ग्रंथांत) नाही, आणि ते ओढूनताणून शोधणे मला पटत नाही. मात्र पाळीचा विचार तेथे नेमका आहे. रज (पाळीचा स्राव) हा रसधातूचा, म्हणजे अन्न पचून प्रथम तयार होणाऱ्या धातूचा, उपधातू; म्हणून खाल्लेले नीट पचून उत्तम रस तयार झाला तरच तो वेळेवर व पुरेसा होणार. आणि त्याला खाली आणणारा तो अपानवायू. प्राचीन वैद्य सुश्रुत म्हणतात, दोषांनी मार्ग अडवला की आर्तव (पाळी) नाहीसे होते. तुमच्या मुलीच्या बाबतीत, वजन पाहता, वाट अडवणारे कफ आणि मेद असावेत. आधुनिक वैद्यकातील इन्सुलिनला शरीर दाद न देण्याची गोष्ट यापासून फार दूर नाही, जरी दोन्ही एकच म्हणता येणार नाहीत.

याच ठिकाणी सुश्रुतांनी कुळीथ सांगितला आहे, म्हणजे आपले हुलगे. (त्याच यादीत मद्यही आहे, ते आपण सोडून देऊ.) मावशींना हुलग्याचे माडगे आठवड्यातून दोन-तीनदा करायला सांगा. कॉलेजहून आल्यावर जेवून झोपणे बंद करावे, कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) सणापुरता ठेवावा आणि रोज पाऊण तास भरभर चालावे. वजन ५ ते १० टक्के उतरले तरी अनेक मुलींची पाळी मार्गावर येते. बस्ती (औषधी एनिमा) किंवा विरेचन (जुलाबाचे औषध) द्यायचे की नाही, हे वैद्याने नाडी, पचन व वय पाहून ठरवावे.

तीन महिने पाळी आलीच नाही, तर वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, कारण गर्भाशयाचे अस्तर साचत राहणे बरे नव्हे. शेजारणीच्या सांगण्यावरून रजःप्रवर्तिनी वटी (पाळी आणणारी गोळी) मात्र देऊ नका. त्या गोळीने स्राव झाला, तरी बीज पक्व झाले असा त्याचा अर्थ होत नाही.