पॅरिसला उतरायचे, तर अर्ज कोणत्या देशाकडे?

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. येत्या मे महिन्यात पत्नीसह पॅरिसला तीन दिवस, स्वित्झर्लंडला सहा दिवस, तेथून लंडनला चार दिवस आणि मग पुन्हा पॅरिसला येऊन १७ मे रोजी मुंबईचे विमान, असा बेत आहे. प्रथम पॅरिसला उतरणार असल्याने फ्रान्सकडे अर्ज करावा, त्या एका व्हिसावर सगळा प्रवास होईल, असे एका परिचितांनी सांगितले. माझ्या पासपोर्टची मुदत जुलैअखेर संपते. हे नियमात बसते का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : तिकिटांचे पैसे अजून भरले नसतील, तर कृपया थांबा. सर्वांत आधी पासपोर्ट पाहा. शेंगेन क्षेत्र (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा समूह) सोडल्याच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने वैध असावा लागतो, म्हणजे तुमच्या बाबतीत १७ ऑगस्टपर्यंत. जुलैअखेरची मुदत त्यामुळे अपुरी आहे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो, तेव्हा तो आताच करावा.

अर्ज फ्रान्सकडे नव्हे, स्वित्झर्लंडकडे करावा लागेल, कारण ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच देशाने व्हिसा द्यावा असा नियम आहे. पहिल्या प्रवेशाचा देश विचारात घेतला जातो तो मुक्कामाचे दिवस समसमान असतील तेव्हाच, आणि तुमच्या परिचितांचा घोटाळा बहुधा येथेच झाला आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले, तरी शेंगेनच्या २९ देशांत आहे.

ब्रिटन मात्र त्यांत नाही. लंडनसाठी स्वतंत्र व्हिसा लागेलच. शिवाय लंडनला गेल्यावर तुम्ही शेंगेनबाहेर पडता, आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर पॅरिसला परत येऊन मुंबईचे विमान गाठण्याची वाटच बंद होते. एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागता येतो, पण तो मिळेलच असे नाही. उतारवयातील प्रवाशांनी हा धोका पत्करू नये, असे मला मनापासून वाटते. लंडनहूनच थेट मुंबईचे विमान घेतल्यास ही अडचण उरत नाही.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ब्रिटनचा तीन महिने आधीपासून. शेंगेनच्या अर्जासोबत पासपोर्ट द्यावा लागतो आणि मुंबईत उन्हाळी सुट्टीपूर्वी अर्जाच्या वेळा लवकर भरतात, म्हणून शेंगेनचे काम आधी उरकावे. त्याचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो असून, व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात लागू असलेला हवा.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळालाच, असे नसते. सीमेवरील अधिकारी मुक्कामाचे आरक्षण, परतीचे तिकीट आणि खर्चाची तरतूद विचारू शकतात. ही कागदपत्रे विम्याच्या प्रतीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत.