हरिपाठाला बसलो तर मी ढोंगी का?

प्रश्न: ताई नमस्कार. वय 36, आयटीत आहे, पगार बरा, फ्लॅटचा हप्ता चालू, तक्रार अशी काही नाही पण रविवारी संध्याकाळ झाली की नुसतं रिकामं रिकामं वाटतं. आई रोज दिवेलागणीला हरिपाठ म्हणते, तू पण बस म्हणते. दोन-तीनदा बसलो आणि खरंच बरं वाटलं! पण माझा देवावर विश्वास नाही, मी पक्का सायन्सवाला. मग हे ढोंगच झालं ना? – एक वाचक, पिंपरी

उत्तर: अहो, तुमच्या सायन्सवाल्यांनी यात केव्हाच डोकं घातलंय. 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीच्या लुचियानो बर्नार्डी आणि मंडळींचा पेपर आला होता. 23 धडधाकट माणसांना एकदा लॅटिनमधली आवे मारिया म्हणायला लावली, एकदा 'ॐ मणि पद्मे ॐ' हा मंत्र, आणि दोन्ही वेळा श्वास आपसूक मिनिटाला 6 च्या आसपास आला, एरवी आपण 12 ते 20 घेतो, आणि हृदयाच्या ठोक्यांची लयही त्याला धरून चालली. देव वेगळा, भाषा वेगळी, श्वास तोच! हरिपाठ काही त्यात नव्हता, पण आईच्या शेजारी बसून घड्याळ लावून स्वतःचे श्वास मोजा की, तुम्ही सायन्सवाले ना?

बरं, नुसता श्वासच हवा असेल तर त्याला ॲप पण मिळतं. एकत्र म्हणण्यात अजून काहीतरी असतं. ऑक्सफर्डच्या बोट टीमवर 2010 चा एक छोटा प्रयोग आहे, मेहनत तेवढीच, पण एकट्याने वल्हवण्यापेक्षा सगळ्यांनी एका लयीत वल्हवलं की नंतर दुखणं जास्त सहन होत होतं. मला हे वाचून दिवेघाटच आठवला. एका वर्षी वारीत तो चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तर शेजारून चाललेल्या मावशींनी डोक्यावरचं तुळशीवृंदावन एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने पदराची सेफ्टी पिन काढून दिली, "घ्या माऊली" म्हणाल्या आणि गेल्या पुढे टाळांच्या मागे. तू मानतेस का, किती मानतेस, कोणी विचारलं नाही.

तुमच्या आईने तरी कुठे विचारलंय? बस म्हणाली, एवढंच. ढोंग कधी होईल, तर उद्या ऑफिसच्या ग्रुपवर 'हरिपाठ नासाने सिद्ध केलाय' असलं काहीतरी फॉरवर्ड कराल तेव्हा, ते मात्र कृपा करून नको.

आणि हो, हे रिकामपण रविवार सोडून रोजचंच झालं, झोप-जेवण बिघडलं तर सरळ डॉक्टरांकडे जा, तिथे हरिपाठावर भागवू नका. बाकी आईकडून टाळ मागून घ्या. पहिले काही दिवस दोरीने बोटं लाल होतात आणि ठेका चुकतो, आई हसेल, हसू दे.