तात्यांना काय आवडायचं?

"मॅडम, ९२ वर्षांचे होऊन गेले हो. सगळं बघून गेले. मग मला एवढं का लागावं?"

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्यानं वय सांगितलं की पुढचं मला आधीच कळतं. कधी वय ८६ असतं, कधी ९५. कधी मुलगी बोलते, कधी सून, कधी साठी ओलांडलेला मुलगा, आणि तो रुमाल काढण्याआधी दार नीट लागलंय ना बघून घेतो. तरणंताठं माणूस गेलं तर घरच्यांना रडायची मुभा असते. पिकलं पान गळलं की ती मुभा जेमतेम तेराव्यापर्यंत. चौदाव्या दिवसापासून 'सोनं झालं त्यांचं' सुरू होतं, आणि त्यानंतर ज्याला रडू येतं त्यालाच चोरट्यासारखं वाटायला लागतं.

अशातलीच एक हकिकत सांगते. परवानगी घेतलेली आहे, आणि ओळख पटेल असं सगळं बदललेलं आहे.

ताई ५७ वर्षांच्या, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, राहायला डोंबिवलीला. वडिलांना, म्हणजे तात्यांना जाऊन पाच महिने झाले होते. शेवटची चार वर्षं तात्या त्यांच्याकडेच होते. रात्री तीनला त्यांना उठवून बाथरूमला न्यावं लागायचं. आता न्यायला कुणी नाही, पण ताईंची झोप बरोबर तीनलाच मोडायची. नवरा समजूतदार. "अगं, किती दिवस करणार असं? कृतार्थ जगले ते," एवढंच म्हणायचा. पणतू झाला तेव्हा तात्यांवर सोन्याची फुलं उधळली होती, ८१ व्या वर्षी सहस्रचंद्रदर्शन झालं होतं. आणखी काय हवं?

पहिल्याच भेटीत माझ्याकडून चूक झाली. "समाधानानं गेले ना?" असं मीही बोलून गेले. ताईंनी मान डोलावली आणि घड्याळाकडे बघितलं. अठरा वर्षं हे काम करणाऱ्या बाईच्या तोंडून हे यायला नको होतं. त्या पुन्हा येतील असं मला वाटलं नव्हतं.

आल्या. येताना एक कागद घेऊन आल्या. वर्षश्राद्धाला भाऊ छोटीशी स्मरणपुस्तिका काढणार होता आणि त्यात पहिलं पान ताईंनी लिहायचं होतं. दोन महिने त्या लिहीत होत्या, फाडत होत्या. मी म्हटलं, वाचा.

'आमचे तात्या कुटुंबवत्सल, मितभाषी आणि निर्व्यसनी होते. १९४९ साली संगमेश्वराकडून मुंबईला आले. गिरणीत साचेखात्यात लागले. तीन बहिणींची लग्नं करून दिली. आम्हा चौघांना शिकवलं. १९८२ च्या संपानंतर वॉचमनची नोकरी करून संसार सावरला. गावचं घर बांधलं. स्वतःसाठी कधी एक पैसा खर्च केला नाही. कधी सिनेमा पाहिला नाही की हॉटेलची पायरी चढली नाही.'

पान चांगलं होतं. मी पेन घेतलं आणि क्रियापदांखाली रेघा मारत गेले. करून दिली, शिकवलं, सावरलं, बांधलं. मग विचारलं, "ताई, तात्यांना जेवायला काय आवडायचं?"

"काहीही चालायचं त्यांना."

"म्हणजे काय?"

"आई पुढ्यात ठेवेल ते."

"काहीही चालणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही."

त्या हसल्या नाहीत. बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कावळासुद्धा लगेच शिवला, मॅडम. दहाव्याला भावानं हात जोडले, 'आईला सांभाळू' म्हणायचं होतं त्याला. तो तोंड उघडायच्या आत कावळा पिंडावर. सगळे म्हणाले, बघा, कसलीच इच्छा उरली नव्हती." थांबल्या. "मला तेच आवडलं नाही."

गेल्या कित्येक वर्षांत इतकं नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही. तोवर मी ताईंचा त्रास सेवा करणाऱ्याचा म्हणून धरून चालले होते. चार वर्षं ज्याच्याभोवती दिवस बांधलेला असतो तो माणूस गेला की हात रिकामे होतात, तसला. तो होताच. पण खालचं दुखणं दुसरंच होतं. सगळ्यांनी मिळून तात्यांना इतकं निरिच्छ करून टाकलं होतं की रडायला माणूसच शिल्लक नव्हता. होते ते फक्त उपकार. उपकारांची फेड होत नाही, म्हणून मग शेवटच्या वर्षात आपण दोनदा त्यांच्यावर ओरडलो तेवढंच आठवत राहतं. ताईंना तेच आठवत होतं, रात्री तीन वाजता.

शोकाबद्दल माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, ते इथं सांगून टाकते. गेलेल्यातून मन काढून घ्यावं, म्हणजे जखम भरते, असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. मीही तेच शिकले. पुढे ऑस्ट्रेलियातले फॅमिली थेरपिस्ट मायकेल व्हाइट यांचं काम वाचनात आलं. १९८८ साली त्यांनी उलटं मांडलं: शोकात अडकलेल्या काही माणसांना निरोप घ्यायला लावू नका, गेलेल्याशी पुन्हा बोलणं सुरू करून द्या. मला ते पटलं, आणि आपल्याकडच्या माणसांना तर फारच मानवतं. आपण पितृपक्षात पान वाढतो. आजीच्या हातची चव अमकीच्या हाताला आहे असं म्हणतो. नातं संपवायची सवय आपल्याला मुळात नाहीच. फक्त ज्याला बोलवायचं तो खराखुरा असायला हवा.

मी ताईंना एक काम दिलं. तात्यांना ओळखणाऱ्या तिघांना गाठायचं. 'त्यांनी तुमच्यासाठी काय केलं' हे विचारायचं नाही. विचारायचं ते हे: ते चिडायचे कशावर, त्यांना हवं काय होतं, आणि पैसे कुठे उडवायचे?

"उडवायचे?" ताई म्हणाल्या.

"विचारून तर बघा."

काळाचौकीच्या चाळीत तात्यांचे एक साचेखात्यातले सोबती अजून राहत होते. वय ८८. ताई त्यांच्याकडे गेल्या आणि तीन तास बसल्या. पुढच्या भेटीत त्या आल्या त्या बसायच्या आधीच बोलायला लागल्या.

"मितभाषी म्हटल्यावर काका हसत सुटले, मॅडम! म्हणाले, खात्यात सगळ्यात बडबड्या तुझा बाप."

साचेखात्यात शेकडो माग एका वेळी धडधडायचे. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून बोलणं हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून. काकांनी करून दाखवलं. मिशीला पीळ दिला म्हणजे मुकादम आला. अंगठा ओठाला म्हणजे चहा. तात्या म्हणे मुकादमाच्या पाठीमागे त्याचं अख्खं लग्न हातांनी करून दाखवायचे. तीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर कान गेले. घरी माणूस गप्प बसायचा कारण त्याला धड ऐकू येत नव्हतं, आणि आम्ही त्याला मितभाषी म्हणत राहिलो, असं ताई म्हणाल्या.

"आणि पैसे?" मी विचारलं.

ताईंचा चेहरा बदलला. "सिनेमा. पगार झाला की लालबागच्या भारतमाताला. दादा कोंडक्यांचा एक पिक्चर सोडला नाही. घरी सांगायचे, जादा काम आहे. ऐकू यावं म्हणून पुढच्या बाकावर बसायचे." आणि मग आवाज चढला. "मी नऊ वर्षांची होते. चाळीतल्या सगळ्या मुली सिनेमाला निघाल्या होत्या. मी चार आणे कमी पडतात म्हणून मागितले, तर म्हणाले, पैसे काय झाडाला लागतात? आणि स्वतः...!"

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हेच आमचं काम असतं आणि तेच सगळ्यात अवघड असतं. त्या खूप चिडल्या. खोटं बोलले म्हणाल्या. मग एकदम थांबल्या. "रविवारी आंघोळ करताना गुणगुणायचे. मला वाटायचं, सत्यनारायणाच्या लाउडस्पीकरवर ऐकलं असेल." हसल्या. आणि हसता हसता रडू फुटलं, पाच महिन्यांत पहिल्यांदाच मोठ्यानं.

शांत झाल्यावर त्यांनी काकांचं शेवटचं वाक्य सांगितलं. 'संपानंतर मात्र तुझा बाप कधी पिच्चरला आला नाय. मी एकदा तिकीट काढून दिलं, तर विकून आला.'

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी कधी जाहीर केलंच नाही. ताईंची दहावीची परीक्षा तोंडावर होती. तात्या पन्नाशीचे. ताईंच्या पानात या सगळ्याला एक ओळ होती, 'संसार सावरला'. आता त्या ओळीत पुढच्या बाकावरची एक जागा रिकामी दिसत होती. माझ्या कामाचं चीज झालं असं मला वाटतं ते अशा दिवशी. ज्याला काही नकोच होतं त्यानं सोडलं तरी काय? तात्यांना हवं होतं. हे कळल्यावर त्यांनी काय सोडलं ते ताईंना पहिल्यांदा दिसलं, आणि आपण दोनदा ओरडलो त्याचं ओझंही उतरलं. ओरडून घेण्याइतका आणि ओरडण्याइतका माणूस होता तो.

तुमच्या घरात असंच काही चालू असेल तर एक सांगते. भेटायला जाणाऱ्यांनी 'किती वर्षांचे होते?' हा प्रश्न शक्यतो विचारूच नये, कारण त्या आकड्यानं समोरच्याचं तोंड बंद होतं. काय खायला आवडायचं, कशावरून भांडायचे, हे विचारा. घरच्यांनी आठवणी काढताना नुसत्या गोड काढू नयेत. चिक्कूपणा, हट्ट, टीव्हीच्या रिमोटवरची मारामारी, सगळं येऊ द्यावं. मित्रमंडळींना लवकर गाठावं, त्यांचीही वयं तीच आहेत. आणि वडील अजून असतील तर 'तुम्हाला काय हवं?' असं विचारून 'मला काय करायचंय?' या उत्तरावर उठून जाऊ नका. तरुणपणी कुठे जायचात, कुणाबरोबर, असं विचारत बसा. सुरुवातीला टाळतात. तिसऱ्या दिवशी आपणहून सांगतात.

सगळंच नुसतं बोलून सुटतं असं मात्र नाही. सहा महिने उलटूनही खाणं-पिणं, आंघोळ, कामधंदा बसलेला असेल, आठवण सोडून दिवसात दुसरं काही उरलं नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर सहा महिने वाट बघायची नसते. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. ज्यांचे वडील कुटुंबवत्सल वगैरे नव्हतेच, त्यांचं दुखणं निराळं. त्यावर पुन्हा कधीतरी.

ताईंनी पान नव्यानं लिहिलं. 'कुटुंबवत्सल' ठेवलं, 'मितभाषी' काढलं. मुकादमाचं लग्न आलं, भारतमाता आलं, विकलेलं तिकीट आलं. भावाला ते रुचेना. लोक काय म्हणतील, आणि आईला या वयात हे कशाला कळू द्यायचं? शेवटी दोघांनी ते पान आईसमोरच वाचलं. आईंचं वय ८५.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. शर्ट धुताना खिशातनं तिकीट मीच काढायची. एकच असायचं दर वेळी, म्हणून गप्प बसले. दोन असती तर बघितलं असतं."