आईवडील चोपड्याला, मी न्यू जर्सीत: त्यांना बोलवायला कोणता व्हिसा, आणि तयारी काय?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तुम्ही एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, न्यू जर्सीत आहात. आईवडील चोपडा तालुक्यात. वडिलांची केळीची शेती, आयकराचं रिटर्न कधी भरलेलं नाही, आईचा जन्मदाखला नाही. दोघांना कायमचं घेऊन जायचं आहे. आणि तालुक्याच्या गावातला एक एजंट खात्यात पैसे फिरवून 'चांगला बॅलन्स' दाखवून देतो म्हणतोय.

एजंटला आजच नाही म्हणून टाका. बाकीचं सावकाश बघू.

मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त. मुलगा टेक्सासला, मुलगी टोरांटोजवळ, त्यामुळे दोन्हीकडचे अर्ज घरातच झालेत. आता गल्लीत कोणाचं पोरगं परदेशी गेलं की आईबाप फाइल काखेत मारून माझ्या ओट्यावर येतात. वकील नाही मी, पण कागद बरेच पाहिलेत.

कायमचं नेण्याचा रस्ता तुमच्यासाठी आज उघडा नाही. एच-१बी वाल्याला सोबत नेता येतं ते नवरा-बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं, एवढंच. ग्रीन कार्ड मिळालं की आईवडिलांना नेता येतं असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय, तेही चूक. आईवडिलांसाठी अर्ज फक्त अमेरिकेचा नागरिक करू शकतो, तोही २१ पूर्ण झालेला. नागरिक झालात की मग रस्ता सोपा आहे: आय-१३० अर्ज, तुमच्या उत्पन्नाचं हमीपत्र, आणि आईवडिलांच्या वर्गाला वार्षिक कोटा नसल्यामुळे भावाबहिणींच्या अर्जासारखी वर्षानुवर्षांची रांग नाही. पण भारतीयांना नोकरीवरून ग्रीन कार्ड मिळायलाच किती वर्षं लागतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, आणि त्यानंतर नागरिकत्वासाठी साधारण आणखी पाच. तोवर बी-२, म्हणजे पर्यटक व्हिसा.

आणि खरं सांगू का, बी-२ हाच बहुतेक शेतकरी आईबापांना मानवतो. ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहायचं वचन. सलग वर्षाहून जास्त दिवस गावी राहिलात तर ते कार्ड धोक्यात येतं. ज्याची बाग उभी आहे, विहिरीवरची मोटर दर आठवड्याला जळते आणि भाऊबंदकीतला बांध अजून मिटलेला नाही, त्याला हे वचन कसं पाळता येणार? त्यापेक्षा इकडचा उन्हाळा तिकडे काढावा, पारा ४५ च्या वर जायच्या आत निघावं, आणि भरिताच्या दिवसांत घरी असावं. वडिलांना एकदा विचारून बघा, कायमचं यायचंय का म्हणून. 'त्यांना घेऊन जायचंय' असं सांगणारी मुलं माझ्याकडे पुष्कळ येतात. 'आम्हाला जायचंय' असं आपणहून म्हणणारे बाप त्या मानाने कमी.

आता बी-२ चं. अर्ज डीएस-१६०, फी सध्या माणशी १८५ डॉलर, व्हिसा मिळो ना मिळो, परत नाही. शिवाय २५० डॉलरची आणखी एक फी लावायचा कायदा तिकडे २०२५ मध्ये झालाय, म्हणून पैसे भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळावरचा आकडा बघा. आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत मुलाखत. पूर्वी ८० च्या घरातल्यांना मुलाखत माफ असायची, ती सवलत सप्टेंबर २०२५ पासून गेली. सहसा दोन वेगळ्या दिवसांचं काम असतं, तेव्हा जळगावहून रात्रीची गाडी धरून कल्याण-डोंबिवलीच्या नातेवाइकाकडे उतरणं बरं. वकिलातीत मोबाइल, बॅग काही नेऊ देत नाहीत. कागद पारदर्शक फोल्डरमध्ये द्या, आणि तुमचा तिकडचा पत्ता-फोन चिठ्ठीवर लिहून वडिलांच्या खिशात ठेवा.

मला तुम्हाला मुख्य सांगायचंय ते इथे आहे. अर्ज आईवडिलांचा असतो, आणि भरतो मुलगा. रात्री जागून, इंग्रजीत, आपल्या अंदाजाने. मग मुलाखतीला उभे राहतात ते दोघं, ज्यांनी त्यातलं अक्षर पाहिलेलं नाही. अर्जात मुक्काम तीन महिने, वडील खिडकीपाशी म्हणतात, 'पोरगा ठेवील तितके दिवस.' अर्जात खर्च मुलगा करणार, आई म्हणते, 'आमचं आम्ही करू, कोणापुढे हात पसरत नाही.' दोघंही खोटं बोलत नाहीत, पण समोरच्याला मेळ लागत नाही. कायद्याच्या २१४(बी) कलमाप्रमाणे पर्यटक व्हिसा मागणारा माणूस तिथेच राहायला निघालाय असं आधीच धरलेलं असतं, आणि तसं नाही हे अर्जदारानेच पटवायचं असतं, तेही दोन-तीन मिनिटांत. नकार आला तर अपील नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा फी.

म्हणून डीएस-१६० भरून झाला की सबमिट करण्याआधी व्हिडिओ कॉल लावा आणि एकेक प्रश्न घरच्या बोलीत वाचून दाखवा. आमच्याकडे एक मावशी आल्या होत्या, अमळनेरकडच्या. सारखं एकच विचारायच्या, 'माले काय इचारतीन?' त्यांना मी पाठांतर करू दिलं नाही. फक्त मुलगा कोणत्या गावात राहतो, कंपनीचं नाव काय, कोणत्या व्हिसावर आहे, आपण कधी जाणार, कधी येणार, मागे घर-शेती कोण बघणार, एवढं त्यांच्याशी गप्पा मारत बोललो. मुलाखत मराठीत देता येते. इंग्रजीचा सराव करून घेऊ नका, त्यानेच माणूस अडखळतो.

तुमच्या वडिलांची बाजू भक्कम आहे, ती त्यांना नीट मांडता आली पाहिजे. 'परत का येणार?' याला 'भारत माझा देश आहे' हे उत्तर नव्हे. 'सप्टेंबर-ऑक्टोबरात कांदेबागेची लागवड असते, त्याआधी यावंच लागतं' हे उत्तर (कांदेबाग म्हणजे त्या महिन्यांत लावायची केळी, कांदा नव्हे). मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली केळी, कधी निसवते (घड बाहेर पडतो), घड कधी कापणीला येतात, मागे पाणी कोण देणार, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. तेच सांगू द्या. उलट 'पोरगा म्हणतो आता इकडेच राहा', हे वाक्य कौतुकाने निघून गेलं की खेळ खलास.

सुनेचं बाळंतपण असेल तर तसं सांगावं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मात्र 'नातवंड सांभाळायला चाललो, सून नोकरीला जाईल' म्हटलं की अधिकाऱ्याला तो पाळणाघराचा पगार वाचवायचा बेत वाटू शकतो. खरंच तसा बेत असेल तर तुम्हीच आधी विचार करा. खोटं तर मुळीच सांगायचं नाही, कारण खोटी माहिती पकडली गेली तर बंदी जन्मभराची लागू शकते. बॅलन्स फिरवणारा एजंट तुम्हाला नेमका तिथेच घेऊन जाणार.

रिटर्न नाही याची काळजी करू नका. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे निव्वळ शेती करणाऱ्याकडे रिटर्न नसणं यात वावगं काही नाही. सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचे काढा (सातबाऱ्याला १५ रुपये लागतात), केळीच्या व्यापाऱ्याच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या), पट्टीचे पैसे जमा झालेलं बँकेचं पासबुक, पीककर्जाचा उतारा. कर्ज दिसलं म्हणून बिघडत नाही. कापणीच्या महिन्यात खात्यात रक्कम येते आणि लागवडीला जाते, हे शेतकऱ्याच्या खात्याचं खरं रूप आहे. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात कुठूनसे आलेले पाच लाख मात्र डोळ्यांत खुपतात. तसंही बीकेसीत ही फाइल उघडतीलच असं नाही, बहुतेकदा नुसतं बोलणंच होतं. कॅनडाला आणि इंग्लंडला नेमकं उलटं: तिथे सहसा मुलाखत होत नाही, सगळी भिस्त कागदांवर, म्हणून सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर वगैरे तिकडच्यासाठी नीट करून घ्यावं लागतं.

नावांचा घोळ आपल्या भागात हमखास. आधारवर 'सुमनबाई', पासपोर्टवर 'सुमन', बँकेत नवऱ्याच्या नावाचं तिसरंच स्पेलिंग. व्हिसाचा अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरायचा, आणि 'इतर नावं' विचारतात तिथे माहेरचं नाव आणि ते 'बाई'वालं नाव दोन्ही लिहायची. जन्मतारखेचंही तेच. शाळेत मास्तरांनी १ जून टाकलेली असते, घरचे म्हणतात पोळ्याला जन्म झाला. पासपोर्टवर १ जून असेल तर १ जूनच. बी-२ ला आईचा जन्मदाखला लागत नाही, ती चिंता सोडा.

दोन बारीक गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही. फोटो चष्म्याशिवाय लागतो आणि डोकं उघडं. आमच्या एका शेजाऱ्यांनी आयुष्यात टोपीशिवाय फोटो काढला नव्हता, स्टुडिओत पोहोचल्यावर अर्धा तास त्यांची समजूत घालण्यात गेला. घरीच सांगून ठेवा. दुसरं, ठसे. रेशनच्या दुकानात ज्यांचा अंगठा उमटत नाही, त्यांचे तिथेही पटकन येत नाहीत. निंदणी-खुरपणीत रेषा झिजलेल्या असतात. आठ-दहा दिवस आधीपासून रात्री बोटांना खोबरेल चोळायला लावा, त्या दिवशी मात्र हात कोरडे. ते पुन्हापुन्हा घेतात, घाबरून जाऊ नका म्हणावं.

व्हिसा मिळाला की बहुधा १० वर्षांचा मिळतो आणि इथून नवा गोंधळ सुरू होतो. दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं राहायला नव्हे. विमानतळावरचा अधिकारी प्रत्येक खेपेला मुक्काम ठरवतो, सहसा सहा महिने, आणि ती तारीख आय-९४ मध्ये, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीत, असते. ती ऑनलाइन बघून कॅलेंडरवर लिहा. मुदत संपल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून परतलं तर तीन वर्षं बंदी, वर्ष ओलांडलं तर दहा वर्षं. आजारपणाने खरंच अडकलात तर मुदत संपण्याआधी आय-५३९ हा अर्ज भरून वाढ मागता येते.

विमा घ्याच, आणि बीपी-शुगर विम्यात धरलंय का ते वाचून घ्या. स्वस्त विम्यात जुना आजार बहुधा नसतोच. औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. कळण्याचं पीठ, मसाला, पापड चालतात, पण कस्टमच्या अर्जावर खाण्याचं सामान आहे हे सांगायचं. भरिताची वांगी आणि केळी नाही. बियाणंही नाही, हे वडिलांना दोनदा सांगा. मुलाच्या अंगणात लावू म्हणून गिलक्याच्या बिया पुडीत बांधून नेणारे मी पाहिलेत.

कोणाला इतर देशांचं हवं असेल तर थोडक्यात. कॅनडाचा सुपर व्हिसा माझ्या मते आईबापांसाठी सगळ्यात सोयीचा: एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, मात्र मुलाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेवर हवं, वैद्यकीय तपासणी लागते, आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वर्षभराचा आरोग्यविमा. आमच्या मुलीला हा विम्याचा हप्ताच जड गेला होता. ऑस्ट्रेलियात कायमच्या साध्या पालक व्हिसाची रांग तीस वर्षांच्या घरात आहे, पैसे भरून घ्यायचा दुसरा प्रकार आहे, पण त्यालाही माणशी ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर लागतात आणि वाट तिथेही पाहावी लागते. इंग्लंडने २०१२ पासून दार जवळजवळ लावूनच घेतलंय. रोजचं उठणं-बसणं दुसऱ्याच्या आधारावर आणि तशी देखभाल भारतात मिळतच नाही, असं सिद्ध करावं लागतं.

तुमच्यासाठी आत्ता करण्यासारखं एक काम आहे, आणि ते आईवडिलांच्या नव्हे, तुमच्या कागदाचं. पुढे नागरिक झाल्यावर आय-१३० ला तुमचाच जन्मदाखला लागेल, त्यावर दोघांची नावं हवीत, आणि वडिलांसाठी त्यांच्या लग्नाचा पुरावाही. गावाकडच्या जुन्या नोंदीत बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगा' लिहिलेलं असतं. वडिलांना ग्रामपंचायतीत पाठवून नोंदीची नक्कल काढायला सांगा आणि तिच्यात आईचं नाव पासपोर्टसारखंच आहे का बघा. नसेल तर दुरुस्तीला आत्ताच लागा. ग्रामसेवक भेटेपर्यंतच दोन महिने जातात.