माझा चेहरा गोल आहे आणि केस सरळ, पातळ आहेत. हनुवटीपर्यंतचा बॉब मला शोभेल का?

प्रश्नात आपण चेहऱ्याचा आकार आधी लिहिला आणि केसांचा पोत नंतर, हा क्रम वाचूनच मी उत्तर लिहायला बसले आहे. माझ्या थोरल्या बहिणीचाही हाच क्रम होता, आणि त्यापायी मी पाच वर्षे कार्यालयाचे ओळखपत्र छायाचित्राची बाजू आत वळवून गळ्यात घातले.

गोल चेहऱ्याला अमुक आणि चौकोनी चेहऱ्याला तमुक, असे सांगणाऱ्या तक्त्यांवर माझा विश्वास नाही, आणि हा अविश्वास ऐकीव नाही. मी २६ वर्षांची असताना ताईने मला आरशासमोर उभे केले, केस मागे घट्ट बांधले, एक डोळा मिटायला लावला आणि ओल्या साबणाच्या वडीने आरशावर चेहऱ्याची कड गिरवायला सांगितले. आरसा जवळ असो वा दूर, अशी गिरवलेली आकृती खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी येते, हे तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते. त्यामुळे आरशावर उमटलेला तो लहानसा ओघळता आकार पाहून आम्ही बराच वेळ नुसत्याच हसलो. मग ताईने तो गोल ठरवला. मावशी म्हणाली, चौकोनी आहे. मी हनुवटी जरा खाली घेऊन पुन्हा गिरवला, तर तो बदामी निघाला. जो आकार हनुवटी हलवताच बदलतो, त्यावरून दोन वर्षे डोक्यावर वागवायचा निर्णय घ्यावा, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.

ताईचा निकाल असा होता की कपाळ रुंद आहे, तेव्हा साधना कट घ्यावा. तिचा दाखलाही चुकीचा नव्हता. १९६० साली अभिनेत्री साधना यांच्या कपाळावर ती प्रसिद्ध झालर आली, ती कपाळ रुंद दिसते या कारणानेच. परंतु त्यांचे केस सरळ होते आणि माझे कुरळे आहेत. शिवाय माझ्या डाव्या भुवईच्या वर, केस जिथे सुरू होतात तिथेच, एक भोवरा आहे. या दोन्ही गोष्टींचा त्या आरशावरच्या आकृतीत कुठेही पत्ता नव्हता.

केस कापणाऱ्या बाईंनी माझे केस धुतले, ओलेच पुढे ओढून विंचरले आणि भुवईच्या रेषेत सरळ कापले. ओले असताना ते अप्रतिम दिसत होते, हे मान्य करते. वाळू लागले तशी झालर वर चढू लागली आणि भुवईपासून चांगली दोन बोटे वर जाऊन थांबली. भोवऱ्यापाशी ती मधोमध फाकली आणि उजवीकडचा झुपका पुढे, तर डावीकडचा आकाशाकडे असे दोन तट पडले. दुसऱ्याच दिवशी ओळखपत्रासाठी छायाचित्र काढले गेले.

त्या दिवसापासून ताई आणि मी एकाच वाक्यावर भांडत आलो आहोत. ती म्हणते, ‘कट बरोबर होता, तुला सेट करता आला नाही.’ मी म्हणते की जो कट रोज सेट करावा लागतो, तो आपला नव्हेच. केस ओले झाले की त्यांतील प्रथिनांच्या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सुटतात, केस ताणला जातो आणि वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात ते बंध पुन्हा जुळतात. म्हणूनच ब्लो ड्रायने कुरळा केस सरळ होतो आणि हवेत दमटपणा असला की दुपारपर्यंत मूळपदावर येतो. मी रोज सकाळी २० मिनिटे ड्रायर धरून उभी राहत असे आणि जेवणाच्या सुट्टीत तो भोवरा पुन्हा जागच्या जागी हजर असे. १९६०च्या दशकात लंडनच्या व्हिडाल ससून यांनी नाव कमावले ते याच मुद्द्यावर: दर आठवड्याला सेट करून फवारे मारण्यापेक्षा, धुऊन झटकले की आपोआप बसतील असे केस कापावेत. ताईला हे मी अनेकदा सांगितले आहे. तिचे उत्तर असते की ससून तुझ्या घरी आले नव्हते.

झालर वाढायला किती काळ लागतो, याची कल्पना कापण्याआधी करून ठेवावी. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे भुवईपासून हनुवटीपर्यंत पोचायला जवळपास वर्ष जाते, आणि त्यातले मधले काही महिने ते डोळ्यांत जाण्याइतके लांब पण कानामागे जाण्याइतके नाहीत अशा अवस्थेत असतात. ते महिने मी काळ्या पिनांवर काढले.

त्यानंतर ज्यांच्याकडे गेले, त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलेही नाही. ‘सकाळी केसांना किती मिनिटे देता?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मग कोरड्या केसांत बोटे घालून त्यांनी ते निरनिराळ्या बाजूंना टाकून पाहिले, भोवरा शोधला, त्याचा ओढा जिकडे होता तिकडेच भांग पाडला आणि केस कोरडेच, एकेक बट सुटी धरून, गळ्याच्या हाडापर्यंत कापले. दोन दिवस कोणी काहीच म्हणाले नाही. तिसऱ्या दिवशी एक सहकारी म्हणाली, ‘आज झोप चांगली झालेली दिसते.’ केशरचना शोभते म्हणजे काय, याची यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून मिळालेली नाही. ताईने मात्र पाहताक्षणी सांगितले की चेहरा गोलच दिसतो आहे. तो गोल आहे, म्हणून गोल दिसतो. तो लपवण्याचे काम केसांनी का करावे?

गेल्या वर्षी तिने एक नवा नियम पाठवला. पेन्सिल हनुवटीखाली आडवी धरायची, पट्टी कानाच्या पाळीखाली उभी धरायची आणि दोन्ही जिथे भेटतात ते अंतर सव्वादोन इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.७ सेंटिमीटरपेक्षा कमी भरले तर आखूड केस शोभतात. केशरचनाकार जॉन फ्रीडा यांच्या नावाने हा नियम सांगितला जातो. माझे अंतर ५.५ भरले. ताईचे ६.३ भरले, आणि ताई गेली तीस वर्षे आखूड केस ठेवते, जे तिला फार शोभतात, हे मी येथे प्रथमच लेखी कबूल करते. ते शोभतात कारण तिचे केस दाट, सरळ आणि मानेवर नीट बसणारे आहेत. पेन्सिलीला ते कसे कळावे?

आता आपल्या प्रश्नाकडे येते. पातळ, सरळ केसांना बॉब चांगलाच शोभतो, कारण सगळी टोके एका रेषेत असली की कड जाड दिसते आणि केस आहेत त्याहून दाट वाटतात. लेअर्स फार घेऊ नयेत, आणि विरळ करणारी कात्री किंवा वस्तरा तर टोकांना लावूच देऊ नये. रेषा मात्र गालाच्या सर्वांत भरलेल्या भागावर किंवा थेट हनुवटीवर थांबवण्याऐवजी दोन बोटे खाली थांबवावी. पहिल्या खेपेस लांबच ठेवावी, पुढच्या महिन्यात कमी करता येते. जाताना केस नेहमी असतात तसे, वाळलेले आणि न सेट केलेले असावेत. सोबत न्यायचे छायाचित्र आपल्यासारखा चेहरा असलेल्या व्यक्तीचे नको, आपल्यासारखे केस असलेल्या व्यक्तीचे हवे.

निर्णय आरशावर किंवा सेल्फीवर सोडू नये. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठे आणि चेहऱ्याच्या कडा आक्रसलेल्या दिसतात. आरशात भांग उलट्या बाजूला दिसतो, आणि १९७७ साली विस्कॉन्सिनमधील संशोधकांना आढळले होते की माणसाला स्वतःची आरशातली प्रतिमा अधिक आवडते, तर त्याच्या मित्रांना खरी बाजू. तेव्हा भांग कुठे शोभतो हे रोज समोर बसणाऱ्या व्यक्तीला विचारावे, आणि शक्यतो ती व्यक्ती थोरली बहीण नसावी.

हेही नमूद करायला हवे की मी केस कापण्याच्या व्यवसायात नाही, आणि माझे केस कुरळे असल्याने ओल्या केसांची ती सगळी कहाणी आपल्याला फारशी लागू होणार नाही. सरळ केस ओले कापले तरी थोडेच वर जातात. चेहऱ्याच्या आकाराला मुळीच महत्त्व नाही, असेही नाही. रेषा कुठे थांबवायची हे मी वर गालाकडे पाहूनच सांगितले, आणि ताई हे वाचेल तेव्हा नेमके तेच वाक्य उचलून मला पाठवेल. ते ओळखपत्र मी अजून जपून ठेवले आहे. तिला कट बरोबर होता असे वाटत असेल, तर तिने येऊन एकदा ते पाहावे.